दुहेरी केसांच्या कुत्र्याची घरच्या घरी निगा: कंगवा कातडीपर्यंत पोहोचला पाहिजे

फेब्रुवारी सरत आला की ओळखीपाळखीतून मला ठरावीक फोन यायला लागतात. “ताई, रोज ब्रश करतोय तरी घरभर केस. सोफ्यावर बसायची सोय राहिली नाही.” दुसरा फोन: “आंघोळ घातली आणि मांड्यांमागचे केस घोंगडीसारखे घट्ट होऊन बसले.” तिसरा सगळ्यांत वाईट: “उकडत होतं म्हणून मशीन मारून आणलं. चार महिने झाले, केस येतच नाहीत.”

तिन्ही घरांतली माणसं कुत्र्यावर जीव लावणारी असतात, मेहनतही घेतात. फक्त त्यांचा हात वरच्या केसांवरून फिरतो आणि आतली लव जागची हलत नाही. या लेखातली प्रत्येक पायरी त्या आतल्या लवेसाठी आहे. पायऱ्यांचा क्रम बदलू नका, कारण बहुतेक नुकसान क्रम चुकल्यामुळेच होतं.

## तुमचा कुत्रा दुहेरी केसांचा आहे का?

कुत्र्याच्या फऱ्यावरचे, म्हणजे शेपटीच्या वरच्या बाजूचे केस दोन्ही अंगठ्यांनी बाजूला सारून भांग पाडा. वर लांब, जरा राठ केस आणि मुळाशी कापसासारखी दाट, बहुधा फिकट रंगाची लव दिसली, तर तो दुहेरी केसांचा. जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर, हस्की यांच्याबद्दल शंका नसते. लॅब्रॅडॉरचे केस आखूड असल्यामुळे त्याच्या घरी कोणी हे मनावर घेत नाही, पण तोही याच वर्गातला आहे. आपल्याकडे ज्याला सर्रास ‘पॉमेरियन’ म्हणतात तो पांढरा झुबकेदार कुत्रा बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो. त्याचेही केस दुहेरीच. पूडल, माल्टीज, बॉक्सर यांना अशी लव नसते. त्यांच्यासाठी हा लेख नाही.

बाहेरचे राठ केस ऊन, पाणी, धूळ अडवतात. आतली लव हवा धरून ठेवते. ही लव वर्षातून दोनदा मोठ्या प्रमाणात सुटते, साधारण उन्हाळ्याच्या तोंडावर आणि पावसाळा संपल्यावर. फ्लॅटमध्ये दिवे, पंखे, एसी यांच्यात राहणाऱ्या कुत्र्यांची थोडीथोडी बाराही महिने सुटत राहते. सुटलेली लव खाली पडली तर त्रास फक्त झाडूचा. ती बाहेरच्या केसांत अडकून राहिली की तिच्या जटा होतात, खाली ओल धरते आणि कातडी खराब होते.

## तयारी: हत्यारं, दिवस, जागा

एकच ब्रश घेऊन काम होत नाही. चार वस्तू लागतात.

- स्लिकर ब्रश: बारीक, वाकड्या तारांचा. टोकं फार टोचणारी नसावीत. दुकानातच स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवर फिरवून बघा. तुम्हाला ओरखडा उठला तर त्यालाही उठणार.
- अंडरकोट रेक: लांब, बोथट दात्यांचा दाताळ्यासारखा. सुटलेली लव ओढून काढायचं मुख्य हत्यार हेच. दाते केसांच्या थराच्या जाडीइतके लांब हवेत. स्पिट्झला आखूड दात्यांचा रेक घेतलात तर तो मुळापर्यंत जाणारच नाही.
- स्टीलचा कंगवा: अर्ध्या भागात विरळ आणि अर्ध्या भागात दाट दाते असलेला. हा विंचरायला कमी आणि तपासायला जास्त लागतो. तरीही चौघांतलं एकच घ्यायचं ठरलं, तर मी हाच घेईन.
- ब्लोअर: जोरात हवा फेकणारा, कुत्र्यांसाठीचा. घ्यायला जमत नसेल तर घरातला हेअर ड्रायर चालेल, पण गार हवेवर.

याशिवाय पाण्याची फवारणीची बाटली, बोथट टोकाची कात्री, नेलकटर, दोन-तीन जुने टॉवेल किंवा पंचे, कॉर्नफ्लोर आणि खाऊ. पातं असलेली डीशेडिंगची, म्हणजे सुटे केस काढायची साधनं हल्ली फार खपतात आणि त्यांनी केसांचा ढीग निघतो खरा. पण तीच जागा पुन्हा पुन्हा दाबून ओढली की त्या पात्याने बाहेरचे चांगले केसही तुटतात. माझ्या घरी ते नाही, आणि सुरुवात करणाऱ्याने ते घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता दिवस. पहिल्यांदा करताना सगळं एका दिवसात उरकायला जाऊ नका. स्पिट्झला पहिल्या खेपेस दोन तास सहज लागतात, साठलेल्या लवेच्या जर्मन शेफर्डला त्याच्या दुप्पट. शनिवारी विंचरणं, रविवारी आंघोळ आणि वाळवणं, अशी वाटणी करा. थकलेला माणूस घाई करतो, थकलेला कुत्रा चावतो.

जागा उजेडाची हवी. छोट्या कुत्र्यासाठी न हलणारं टेबल आणि त्यावर रबरी मॅट, म्हणजे पाय घसरत नाहीत आणि तुमची कंबरही धरत नाही. मोठ्या कुत्र्याला जमिनीवर सतरंजीवर कुशीला झोपवा. विंचरण्याआधी फिरवून आणा, शी-शू होऊ द्या. जेवण होऊन दोन तास तरी झालेले असू द्या.

सावधान: टेबलावरच्या कुत्र्याला एक क्षणही एकटं सोडू नका. फोन वाजला तर वाजू द्या. स्पिट्झसारख्या लहान कुत्र्याने उडी मारली तर पुढचा पाय मोडू शकतो. पट्टा टेबलाला बांधून उठणं तर त्याहून धोक्याचं, उडी मारली की गळफास बसतो.

ब्लोअरची ओळख आंघोळीच्या दिवशी करून देऊ नका. चार-पाच दिवस आधीपासून बंद ब्लोअर समोर ठेवून खाऊ द्या. मग दुसऱ्या खोलीत चालू करून खाऊ, मग त्याच खोलीत, मग लांबून मागच्या पायावर हवा. हे टाळणाऱ्यांची पुढे फार दमछाक होते.

## १. आधी हात, मग हत्यार

गळपट्टा काढून ठेवा. दोन्ही हातांची बोटं केसांत घालून, कातडीला लागतील अशी, डोक्यापासून शेपटीपर्यंत हळूहळू फिरवा. कानांच्या मागे, काखांत, पोटाखाली, मांड्यांच्या आत, शेपटीच्या मुळाशी, बोटांच्या बेचक्यांत. शोधायच्या गोष्टी चार: गाठी, गोचीड, ओलसर किंवा गरम लागणारी जागा आणि हात लावल्यावर कुत्रा दचकतो ती जागा. सापडेल ते लक्षात ठेवा, म्हणजे रेकचे दाते तिथे अडकणार नाहीत.

गोचीड दिसला तर बारीक चिमट्याने कातडीच्या अगदी लगत पकडून सरळ, एकाच दाबाने ओढा. पिळू नका. काढलेला गोचीड बोटांनी चिरडू नका, स्पिरिटमध्ये टाका. रॉकेल, फिनाईल, जळती काडी हे उपाय अजूनही ऐकू येतात. रॉकेलने कातडी भाजते आणि कुत्रा ते चाटतो. डेटॉल, कापूर, टी ट्री तेल हेही त्याच्या अंगाला लावायच्या वस्तू नाहीत.

तपासा: बरेच गोचीड सापडले, कुत्रा मरगळलेला आहे, जेवत नाही किंवा हिरड्या पांढुरक्या दिसतात, तर केसांचं काम आज बंद. डॉक्टरांकडे जा. गोचिडांमुळे होणारा ताप वेळेत उपचार न झाल्यास जिवावर बेततो.

## २. कोरडं विंचरणं: थर पाडून, मुळापासून

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्यायचा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

अगदी कोरडे केस विंचरले तर तुटतात. फवारणीच्या बाटलीने हलकासा दमटपणा आणा, ओलं करू नका. नुसतं पाणी चालतं. कुत्र्याचं कंडिशनर असेल तर त्याचे चार थेंब बाटलीभर पाण्यात टाका.

सुरुवात मागच्या पायाच्या खालच्या टोकापासून करा. पाठ सोपी म्हणून सगळे पाठीपासून सुरू करतात आणि मांड्या, काखा येईपर्यंत माणूस आणि कुत्रा दोघांचा धीर संपलेला असतो. पाठ शेवटी घ्या.

डाव्या हाताच्या पंजाने पायावरचे केस वर दाबून धरा, म्हणजे खाली बोटभर रुंदीचा एक थर मोकळा राहील आणि हाताच्या कडेशी कातडीची रेघ दिसेल. ती रेघ दिसलीच पाहिजे. आता स्लिकरने त्या रेघेपासून बाहेर, केसांच्या दिशेने, छोटे आणि हलके झटके. मनगट फिरवायचं, दाब द्यायचा नाही. थर मोकळा झाला की डावा हात थोडा वर सरकवा, नवा थर खाली सोडा, पुन्हा रेघ, पुन्हा ब्रश. कौलं खालून वर रचत जातात तसं खालून वर चढत जायचं. घोटा, मांडी, फरा, मग कुशी, पुढचा पाय, छाती, मान आणि शेवटी पाठ.

स्लिकरने थर मोकळा झाल्यावर त्याच जागी रेक चालवा. रेक कातडीला समांतर ठेवून केसांच्या दिशेने सरळ ओढा. दाते कातडीत रोवले जातील असा उभा धरू नका. दर दोन-तीन ओढींनंतर दात्यांतली लव काढा, भरलेला रेक फक्त वरून घसरतो. मानेभोवतीची आयाळ आणि मांड्यांमागचे झुबके या दोन जागी इतकी लव निघते की घाबरायला होतं. दुसरा कुत्रा तयार होईल एवढा ढीग झाला तरी ते नेहमीचंच आहे. ही लव आधीच सुटलेली असते, तुम्ही ती फक्त बाहेर काढता.

सावधान: एकाच जागी सलग आठ-दहा झटक्यांपेक्षा जास्त मारू नका. कातडी लाल होते, दुसऱ्या दिवशी कुत्रा तिथे चाटायला लागतो आणि ओली जखम होते. लव अजून असेल तर पुढे जा, थोड्या वेळाने परत या.

आता स्टीलच्या कंगव्याची पाळी. विरळ दात्यांची बाजू कातडीला टेकवा आणि केसांच्या टोकापर्यंत ओढा. मग दाट बाजूने तेच.

तपासा: कंगवा मुळापासून टोकापर्यंत न अडकता गेला तर ती जागा झाली. अडकला तर नाही झाली, वरून कितीही फुललेली, सुंदर दिसत असली तरी. कानांमागे, काखांत, गळपट्ट्याखाली, मांड्यांमागे आणि शेपटीच्या मुळाशी ही परीक्षा न चुकता घ्या. रोज ब्रश करणाऱ्या घरांतले बहुतेक कुत्रे याच पाच जागी नापास होतात.

लॅब्रॅडॉरसाठी थर पाडायची गरज नाही. त्याला रबरी ब्रश गोल गोल फिरवून लव सुटी करा आणि मग आखूड दात्यांच्या रेकने काढा. मानेखाली आणि मांड्यांमागे मात्र कंगव्याची परीक्षा त्यालाही आहेच.

## ३. जट सोडवणं

जट दिसली की हात आपोआप कात्रीकडे जातो. थांबा. जट केसांबरोबर कातडीलाही वर ओढून धरते. वरून चाचपताना जी गाठ वाटते तिच्यात कातडीची घडी असू शकते. कात्री आडवी घालून ‘फक्त केस’ कापायला गेलेल्यांनी काखेत टाके पडलेला कुत्रा घरी आणल्याचं मी दोनदा पाहिलं आहे.

आधी बोटांनी. जटेवर चिमूटभर कॉर्नफ्लोर चोळा, त्याने केस एकमेकांवरून सरकतात. डाव्या हाताने जटेच्या मुळाशी केस घट्ट धरा, म्हणजे ओढ कातडीला न बसता तुमच्या बोटांना बसेल. उजव्या हाताने जट उभी फाडत दोनाच्या चार करा. मग कंगव्याच्या शेवटच्या दोन-तीन दात्यांनी टोकाकडून सुरुवात करून हळूहळू मुळाकडे या.

न सुटल्यास कंगवा जट आणि कातडी यांच्यामध्ये सरकवा. मध्ये कंगवा असताना, त्याच्या वरच्या बाजूला, कात्री केसांच्या लांबीच्या दिशेने उभी घालून जट चिरा आणि पुन्हा विंचरा. कंगवा मध्ये जातच नसेल तर ती जट घरी कापायची नाही. अख्खं अंग नमद्यासारखं जमून गेलं असेल, तर तेही घरचं काम नाही. डॉक्टरांना दाखवा. गुंगी देऊन केस काढावे लागतील, आणि त्या स्थितीत तेच दयेचं ठरतं.

सावधान: जटा शिल्लक असताना आंघोळ घालू नका. “भिजल्यावर सुटतील” हा समज उलटा आहे. ओली होऊन वाळताना जट आवळत जाते, शाम्पू आत अडकतो आणि तिच्याखालची कातडी दिवस दिवस ओली राहते. हा लेख लिहायला घेतला त्याला निम्म्याहून जास्त कारण ही एकच चूक आहे.

## ४. आंघोळ

चार ते सहा आठवड्यांतून एकदा पुरे. दर रविवारी आंघोळ घातल्याने कातडीचं तेल जातं आणि खाज वाढते. गोचिडांचं मानेवर लावायचं थेंबाचं औषध वापरत असाल तर बहुतेक औषधांना आधी आणि नंतर दोन-दोन दिवस आंघोळ चालत नाही. पाकिटावरची सूचना पाहून दिवस ठरवा.

पाणी कोमट, तुमच्या मनगटाला ना गरम ना गार लागेल असं. गीझरचं पाणी मध्येच तापतं, म्हणून थेट नळाऐवजी आधी बादलीत कालवून घ्या.

शाम्पू कुत्र्याचाच. माणसाच्या कातडीपेक्षा कुत्र्याची कातडी कमी आम्लीय असते, त्यामुळे आपला शाम्पू किंवा अंगाचा साबण तिला मानवत नाही. शाम्पू बाटलीतून थेट पाठीवर ओतू नका. सांगितलेल्या प्रमाणात मगभर पाण्यात कालवून मग ओता, तो सगळीकडे सारखा पोहोचतो आणि सुटतोही लवकर. बोअरवेलच्या जड पाण्यात फेस कमी येतो, म्हणून माणसं आणखी शाम्पू ओततात. तसं करू नका, फेस येवो न येवो.

१. मानेपासून मागे भिजवत जा. बाहेरचे केस पाणी झटकून टाकतात, त्यामुळे वरून ओला दिसणारा कुत्रा आत ठणठणीत कोरडा असतो. हँड शॉवर कातडीला टेकवून, दुसऱ्या हाताने केस उलटे सारत भिजवा. मोठ्या कुत्र्याला यातच पाच-दहा मिनिटं जातात.

२. शाम्पूचं पाणी ओतून बोटांच्या पेरांनी कातडीवर चोळा. केसांच्या दिशेने. गोल गोल घासलं तर नुकत्याच सोडवलेल्या जागी पुन्हा गुंता होतो.

३. तोंडाला शाम्पू नको. ओल्या फडक्याने डोळे, गाल, हनुवटी पुसा. कानात पाणी जाऊ नये म्हणून कान खाली दाबून धरा.

४. धुणं. पाणी स्वच्छ यायला लागलं असं वाटल्यावर आणखी तितकाच वेळ धुवा. काखा, पोट, मांड्यांच्या आतली बाजू इथे शाम्पू हमखास राहतो, आणि आंघोळीनंतर दोन दिवसांनी सुरू होणारी खाज बहुतेकदा त्याचीच असते.

तपासा: छातीवरचे केस मुठीत पिळा. निथळणारं पाणी बुळबुळीत लागलं तर अजून धुवायचं आहे.

## ५. वाळवणं, मुळापर्यंत

दुसरी मोठी चूक इथे होते. टॉवेलने पुसलं, गच्चीवर उन्हात बांधलं, झालं. वरचे केस अर्ध्या तासात वाळतात आणि आतली लव संध्याकाळपर्यंत ओली राहते. पावसाळ्यात कोकणपट्टीत आणि मुंबईत तर दुसऱ्या दिवसापर्यंत. त्या उबदार ओलीत कातडीवर जंतू वाढतात. आधी कुबट वास येतो, मग कुत्रा एकाच जागी चावायला लागतो आणि रात्रीत तळहाताएवढी चिकट, लाल जखम तयार होते.

आधी त्याला बाथरूममध्येच अंग झाडू द्या, निम्मं पाणी तोच काढतो. मग हाताने केस पिळत खाली आणा. टॉवेल दाबून धरा, सोडा, पुन्हा दाबा. घासू नका, घासल्याने गुंता होतो. एक टॉवेल भिजला की दुसरा.

ब्लोअर मागच्या पायापासून सुरू करा. नळीचं तोंड अंगापासून वीतभर लांब आणि सतत हलतं ठेवा. हवेच्या जोराने केस दोन्हीकडे सरून कातडीचा पांढरा ठिपका दिसतो. तो ठिपका सरकवत सरकवत अख्खं अंग वाळवायचं. उरलेली सुटी लवही याच वेळी उडते, म्हणून हे काम गॅलरीत किंवा बाथरूममध्ये करा, तोंडाला मास्क लावा. डोक्यावर आणि कानांत जोराची हवा मारू नका, तो भाग टॉवेलने. हेअर ड्रायर वापरत असाल तर गार हवा, हातभर अंतर आणि दुसऱ्या हाताने स्लिकर. वेळ लागेल. लागू द्या.

सावधान: जोराने धापा टाकणं, लाळ गळणं, पाय लटपटणं दिसलं तर ब्लोअर बंद, पंख्याखाली न्या, पाणी द्या. दहा मिनिटांत ओसरलं नाही किंवा कुत्रा कोसळला, तर अंगावर पाणी टाकत तसंच डॉक्टरांकडे. मेच्या दुपारी बंद बाथरूममध्ये ब्लोअर लावूच नका.

तपासा: काखेत, पोटाखाली आणि शेपटीच्या मुळाशी केस सारून हाताची मागची बाजू कातडीला लावा. गार लागली म्हणजे अजून ओल आहे. तळहातापेक्षा हाताच्या मागच्या बाजूला हे लवकर कळतं.

पूर्ण वाळल्यावर कंगव्याची परीक्षा पुन्हा एकदा. या वेळी ती पटकन होते.

## ६. पंजे, नखं, कान

पंजांच्या गाद्यांमध्ये वाढलेले केस बोथट कात्रीने गाद्यांच्या पातळीला आणा, खोल खणू नका. गुळगुळीत फरशीवर घसरणाऱ्या कुत्र्याला याने लगेच फरक पडतो. शेपटीखालचे, घाण लागणारे केस थोडे आखूड करा. बाहेरच्या केसांना याहून जास्त कात्री लागत नाही.

नखं पांढरी असतील तर आतली गुलाबी शीर दिसते, तिच्या आधी थांबा. काळी असतील तर अगदी पातळ चकत्या काढत जा. कापलेल्या भागाच्या मधोमध काळसर, ओलसर ठिपका दिसला की पुरे. रक्त आलं तर कॉर्नफ्लोर दाबून दोन-तीन मिनिटं धरा, मध्ये उचलून बघू नका. पुढच्या पायाच्या आतल्या बाजूचं, जमिनीला न टेकणारं पाचवं नख विसरू नका. केसांत लपलेलं ते नख गोल वाढून मांसात शिरतं.

कान बाहेरून दिसतो तेवढाच, कुत्र्याच्या कानांच्या द्रावात भिजवलेल्या कापसाने पुसायचा. काडीचा कापूस आत घालू नका, मळ आणखी आत ढकलला जातो. काळसर मळ, वास, सतत डोकं झटकणं हे दिसलं तर साफसफाई नको, तपासणी हवी.

## मशीन मारायचं का?

नाही. ही गोष्ट मी फार जवळून शिकले.

बर्फी, माझी स्पिट्झ, चार वर्षांची होती. एप्रिलमध्ये शेजारच्या काकू रोज म्हणायच्या, “अगं, एवढी लोकर घेऊन कशी राहते बिचारी? काढून टाक की.” मलाही ते पटलं. जिथे तिला नेलं तिथे कोणी अडवलं नाही, ‘समर कट’ म्हणून पूर्ण अंगावर मशीन फिरवलं. घरी आणली तेव्हा ती कपाटामागे जाऊन बसली. पुढच्या आठवड्यात गच्चीवरच्या उन्हाने पाठ लाल झाली. पावसाळ्यात लव आली, नुसती लव, मळकट कापसासारखी, जिच्यात प्रत्येक काडी-कचरा अडकायचा. फऱ्यांवर पुढच्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत केसच आले नाहीत. ते दीड वर्ष मला अजून टोचतं, कारण तिला यातलं काहीही नको होतं.

कुत्रा आपल्यासारखा अंगभर घाम गाळून गार होत नाही. तो मुख्यतः धापा टाकून उष्णता बाहेर काढतो. केस उतरवल्याने त्याचं धापा टाकणं सोपं होत नाही, उलट उन्हाची आडकाठी मात्र जाते. परत येताना लव भराभर वाढते, बाहेरचे राठ केस सावकाश, त्यामुळे पोत बिघडतो. स्पिट्झ, पॉमेरियन, हस्की, चाऊ चाऊ अशा दाट लवेच्या कुत्र्यांत मशीन फिरवलेल्या जागी केस वर्ष-वर्षभर अडून राहू शकतात. शस्त्रक्रिया, जखम, कातडीचा आजार किंवा न सुटणाऱ्या जटा यांसाठी डॉक्टर केस काढायला सांगतात तेव्हा काढावेत. उकाडा हे त्या यादीतलं कारण नाही.

गारव्यासाठी हीच लव वेळेवर विंचरून काढा, म्हणजे केसांतून हवा खेळते. फिरणं सूर्य वर येण्याआधी उरका. रस्त्यावर हाताची मागची बाजू सात सेकंद ठेवता आली नाही तर त्याचे पंजे भाजणार. दुपारी उघडी फरशी, पंखा किंवा कूलर. विदर्भात पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा पोट आणि पंजे ओले करून पंख्याखाली बसवा. पाठीवर ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, थोड्या वेळात तोच तापतो.

## किती वेळा?

लव सुटायच्या हंगामात एक दिवसाआड, थर पाडून. एरवी स्पिट्झ, गोल्डन, हस्की यांना आठवड्यातून दोनदा, लॅब्रॅडॉरला एकदा. पावसात भिजून आला की आंघोळ नको, पण वाळवणं त्याच दिवशी, मुळापर्यंत. चार-सहा महिन्यांच्या पिल्लाचे बाळकेस जाऊन मोठे केस येत असतात. तेव्हा ते काही काळ विरळ, ओबडधोबड दिसतं. मशीनचा सल्ला त्या वेळी हमखास मिळतो, तो मानू नका. नसबंदीनंतर काही कुत्र्यांची, विशेषतः गोल्डनची, लव जास्त दाट आणि लोकरीसारखी होते. त्यांना विंचरण्याचा वेळ वाढवावा लागतो.

केस गळणं आणि टक्कल पडणं यांत गोंधळ करू नका. अंगभर सारखी लव सुटते आणि खालची कातडी निरोगी दिसते, तर तो हंगाम आहे. गोल चट्टे, खपल्या, दोन्ही कुशींवर सारखंच विरळ होणं, सतत खाज, कातडी काळी पडणं यांतलं काही दिसलं तर ब्रश बाजूला ठेवून तपासणी करून घ्या. बुरशी, खरूज, थायरॉईड, कारण काहीही असू शकतं.

सगळं झाल्यावर आवराआवर. बाथरूमची जाळी लगेच उघडून केस काढा, एकदा पाइपात गेले की प्लंबरशिवाय निघत नाहीत. ब्रश आणि रेक साबणाच्या पाण्यात धुऊन, तारा खाली करून वाळवा. लव पिशवीत बांधून कचऱ्यात टाका. घरट्यासाठी म्हणून पुष्कळजण ती गच्चीवर पक्ष्यांना ठेवतात, पण गोचिडांचं औषध लावलेल्या कुत्र्याच्या केसांत ते औषध उरलेलं असतं आणि ते थेट पिल्लांच्या अंगाखाली जातं. औषध चालू असेल तर ती पिशवी घट्टच बांधा.